मध्ये पडणारा आणि वरून पाहणारे

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सुचवलेला विषय होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. बँकेतला माणूस म्हटला की तो मुदत ठेवींवर बोलणार, हे गृहीतच असतं. पण त्या विषयावर मी रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर फुकट बोलतोच. तेव्हा आज दुसरा विषय घेतो. तोही त्याच बाकावरचा आहे.

पेपरात बातमी येते. कोणीतरी चोराला काठी मारली, कोणीतरी मुलीची छेड काढणाऱ्याला ढकललं, तो पडला, त्याचं डोकं फुटलं, आणि पोलिसांनी मदतीला गेलेल्या माणसावरच गुन्हा नोंदवला. मग बाकावर एकमत होतं : ‘कायदा गुंडांच्या बाजूचा आहे. आपण खिडकी लावून घ्यावी हे बरं.’ मी वकील नाही. पण नोकरीत असताना पोलीस बँकेतून पंच मागायचे, तेव्हा दोनदा पंच म्हणून गेलो आणि दोन्ही वेळा कोर्टात साक्ष दिली. तेव्हापासून मूळ कायदा वाचायची सवय लागली. तो वाचला तर बाकावरचं एकमत टिकत नाही, असं माझं मत आहे.

आपली दंडसंहिता १८६० ची, १८६२ पासून अमलात आलेली. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने केला. इथले लोक अन्याय मुकाट्याने सोसतात, त्यांच्यात प्रतिकाराची हिंमत वाढली पाहिजे, अशी त्या साहेबांची समजूत होती. समजूत अहंकाराची होती, पण तिच्यामुळे स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला सढळ हाताने मिळाला. जुनी कलमं ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात ती ३४ ते ४४ झाली. आकडे बदलले, आशय जवळजवळ तोच राहिला.

त्यातलं एक कलम प्रत्येकाने वाचावं. जुनं ९७, नवं ३५. स्वतःच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क आहेच, पण ‘इतर कोणत्याही व्यक्तीच्या’ शरीराचं रक्षण करण्याचाही आहे. नातं लागत नाही, ओळख लागत नाही. रस्त्याने जाणारा तिऱ्हाईत मध्ये पडला तर कायद्याच्या नजरेत तो आगाऊ नाही, तो आपला हक्क वापरतोय. मालमत्तेबाबतही तसंच, शेजाऱ्याच्या घरात चोर शिरला तरी हा हक्क चालतो.

आता मर्यादा. पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क नाही. जीव जाईपर्यंत बळ वापरण्याची मुभा मोजक्या प्रसंगी आहे : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, २०१३ पासून अ‍ॅसिडहल्ला, असे काही. मात्र कोणी अंगावर कोयता घेऊन आला तर आपला वार तराजूत तोलून मारावा, अशी अपेक्षा न्यायालयं ठेवत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धोका असेपर्यंतच हक्क. चोरीच्या बाबतीत चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत येईपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत. साखळी हातात आली, चोर जमिनीवर पडला, की बचाव संपला. त्यानंतर मारलेली प्रत्येक लाथ हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मग एवढा चांगला कायदा असताना गुन्हा का नोंदवतात? मदुराईची गोष्ट सांगतो. २०१२ च्या फेब्रुवारीत तिथे एका बाईने नवऱ्याला क्रिकेटच्या बॅटने मारलं, तो मेला. दारूच्या नशेत तो पोटच्या मुलीवर हात टाकत होता. तिथले पोलीस अधीक्षक आसरा गर्ग यांनी जुन्या कलम १०० चा आधार घेतला आणि तिला खटल्यात न अडकवता सोडलं. देशभर चर्चा झाली. कोणी म्हणाले, असा अधिकारी पाहिजे. कोणी म्हणाले, हे ठरवायचा अधिकार कोर्टाचा, पोलिसांचा नव्हे.

मला विचाराल तर त्या अधिकाऱ्याने योग्य केलं. तरीही दुसऱ्या बाजूची भीती मी उडवून लावणार नाही. मेलेला माणूस आपली बाजू सांगायला येत नाही. चौकीतच निकाल लागू लागले तर ज्याची वट मोठी त्याचा खून उद्या ‘स्वसंरक्षण’ ठरेल आणि गरिबाचं स्वसंरक्षण खून ठरेल. म्हणून नोंद झाली पाहिजे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर गुन्हा दाखल होणं ही सस्पेन्स खात्यातली नोंद आहे. रक्कम कुणाची ते अजून ठरलेलं नाही, व्हाउचर आलं की वर्ग करायची. नोंद म्हणजे शिक्षा नव्हे.

पण सस्पेन्समधली नोंद वर्षानुवर्षं पडून राहिली तर ऑडिटर आमची मान धरायचा. इथे कोण धरतो? ‘दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा खटला वकीलमंडळींना पाठ असतो. १९९१ साली शेतातल्या भांडणात बापावर हत्याराने हल्ला झाला, मुलाने बंदूक झाडली. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, आणि जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. कायदा पाळणाऱ्या नागरिकाने हल्ल्यासमोर भित्र्यासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलंय. मुलगा बरोबर होता, हे शेवटचं ठरायला अठरा वर्षांहून जास्त काळ गेला. बाकावरच्या मंडळींचा राग इथे असायला हवा. तो असतो कलमांवर, आणि कलमं तर आपल्या बाजूची आहेत.

आता माझा मुख्य मुद्दा. मी बचावासाठी मारलं, हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०५, नव्या साक्ष अधिनियमाचं १०८. सरकार पक्षाइतका पक्का पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत, ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दिसलं तरी पुरतं. पण ती शक्यता तरी कोण दाखवणार? हल्लेखोर सांगणार नाही. जो वाचला तो घाबरलेला असतो, त्याला निम्मं दिसलेलं नसतं. उरतात ते बघे.

मुंबईत अंधेरीला आंबोलीत २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. बरोबरच्या मुलींची छेड काढली म्हणून दोन तरुण मध्ये पडले. त्यांना भोसकलं. एक त्याच रात्री गेला, दुसरा काही दिवसांनी. भर रस्त्यात, लोक उभे असताना. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. बरोबरची मित्रमंडळी साडेचार वर्षं साक्षीला टिकून राहिली, हे त्या निकालामागचं मोठं बळ. समजा उलटं झालं असतं, त्या तरुणांनी चाकू हिसकावला असता आणि मेला असता हल्लेखोर, तर आरोपीच्या पिंजऱ्यात ते उभे राहिले असते. आणि त्यांच्या बाजूने बोलायला त्या गर्दीतलं कोण आलं असतं?

हा प्रश्न मुंबईचा नाही. इथे बसलेल्या सर्वांना माहीत आहे मी कुठे येतोय.

२०२२ च्या श्रावणात, सकाळी साडेसहाला, आपल्या गेटसमोर जे झालं त्या आठवड्यात मी नाशिकला मुलीकडे होतो. तेव्हा सांगतो ते कागदांवरून. बी विंगमधल्या काकू फुलं घेऊन येत होत्या. मोटारसायकलवर दोघे. मागच्याने साखळी ओढली, काकू पडल्या, त्याने कोयता वर केला. आपले वॉचमन मामा केबिनमधून धावले आणि त्याच्या हातावर काठी मारली. हात मोडला, कोयता पडला, साखळी पडली, गाडीवाला पळाला. इथपर्यंत सगळं कलमात बसतं. लागेल तेवढंच बळ, धोका होता तेवढाच वेळ.

नंतर आठ-दहा जण खाली आले. तो पोरगा जमिनीवर होता, हात लोंबत होता. त्याला पार्किंगच्या खांबाला बांधलं आणि मारलं. त्याच्या डोक्याला सात टाके पडले. नावं मी घेणार नाही. मारणारे नंतर आंघोळीला वर गेले. पोलीस आले तेव्हा खाली काठीसकट उभा होता एकच माणूस, गणवेशात. पोराच्या आईने तक्रार दिली, आणि मोडलेला हात, फुटलेलं डोकं, सगळं मामांच्या नावावर चढलं. गंभीर दुखापत, जुनं कलम ३२५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. घटना जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून खटला जुन्या कलमांवरच चालू आहे.

कोणी म्हणेल, चोरच होता तो, दोन लाथा बसल्या तर काय बिघडलं? या वेळी तो चोर होता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला लोकांनी मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षेकरी होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. खांबाला बांधताना आपण खात्री कधी करतो? दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत झाला तर तुम्ही-आम्ही माणसाला धरून ठेवू शकतो, नवा कायदा तशी परवानगी देतो. पण विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. धरायची परवानगी आहे, झोडपायची नाही.

मामांच्या बाजूने आजवर जबाब दिलेत दोघांनी. एक दूध टाकणारा मुलगा. तो आता गावी गेला, फोन लागत नाही. दुसऱ्या सी विंगमधल्या आजी, आज वय चौऱ्याऐंशी. त्यांनी गॅलरीतून पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं : ‘काठी एकच मारली, कोयता वर होता तेव्हा. डोक्याला लागलं ते नंतर, तेव्हा वॉचमन काकूंना उठवत होता.’ चार ओळी आहेत. आजच्या घडीला मामांच्या हातात असलेला पुरावा म्हणजे या चार ओळी.

कॅमेरा होता ना, असं मला तिघांनी विचारलं. होता. डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचंच चित्रण राहतं, त्यावर नवं चढतं. सोळाव्या दिवशी वकिलाने मागितलं तेव्हा त्यात कुत्रा आणि कचऱ्याची गाडी होती. नव्या कार्यकारिणीने घटना घडली की त्याच दिवशी प्रत काढून ठेवण्याचा ठराव केला, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, तेही लक्षात ठेवावं.

काहींना वाटतं, साक्षीला गेलो तर आपणच अडकू. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला आता कायद्याने संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये तसं कलम घातलं. मारामारीच्या साक्षीदाराला इतकं नेटकं संरक्षण नाही, हे खरं. तारखा पडतात, दिवस जातो, कँटीनचा चहा पातळ असतो. मी दोनदा ते भोगलंय. पण ‘मी गॅलरीत होतो, मी हे पाहिलं’ एवढं सांगणाऱ्यावर कोणी गुन्हा दाखल करत नाही. ज्यांनी हात उचलला त्यांची अडचण वेगळी आहे, त्यांनी स्वतःचा वकील आधी गाठावा. मी बोलतोय ते उरलेल्यांशी. त्या सकाळी ए आणि सी विंगच्या रस्त्याकडच्या गॅलऱ्यांत बरीच माणसं होती, असं आजी म्हणतात. त्यांची नजर अजून चांगली आहे.

वकिलांच्या फीसाठी सोसायटीत जमलेले पैसे पुरेसे आहेत, त्याचा हिशेब खजिनदारांनी बोर्डावर लावलाय. पैशाची अडचण नाही. येत्या महिन्यात बारा तारखेला बचावाच्या साक्षीदारांची यादी द्यायची आहे, आणि त्याआधी वकिलांना प्रत्येकाशी बोलायचंय. त्यासाठी परवा, शनिवारी, सकाळी दहाला मी गाडी काढतोय. गुडघ्यांमुळे आजी पुढच्या सीटवर बसतील. मागे तीन जागा आहेत. आणखी कोणी असतील तर दुसरी गाडी सांगू.