चोर, साव आणि कुंपण

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही संस्कृतचे पंडित नाही आणि वकीलही नाही. पदविका घेतली, सरकारी नोकरीला लागलो आणि जुनी कागदपत्रे चाळता चाळता शब्दांचा नाद लागला. विषय चोरांचा आहे. उत्सवात चोर कशाला, असे कोणी म्हणेल. पण गणरायाच्या पायाशी बसलेला मूषक कोण? संस्कृतात 'मुष्' म्हणजे चोरणे, त्यावरून मूषक. लॅटिनमधला 'मुस' आणि इंग्रजीतला 'माउस' हे त्याचे चुलतभाऊ. म्हणजे दरवर्षी आपण एका चोरासमोरही मोदक ठेवतो!

ऋग्वेदात चोराला 'स्तेन' आणि 'तस्कर' असे दोन्ही शब्द आहेत. स्तेनाच्या कुळातले 'स्तेय', आणि त्याच्या उलट 'अस्तेय'. तस्कराने मात्र काळाप्रमाणे धंदा बदलला. आज तस्कर म्हणजे हद्दीवरून चोरटा माल नेणारा. हा शब्द पेडण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९६१ पर्यंत तेरेखोलची नदी आणि पत्रादेवीचा नाका ही दोन राजवटींची हद्द होती. अलीकडे रोख पैसे मोजून घेतलेले घड्याळ पलीकडे गेले की चोरटे. पोर्तुगीज त्याला 'कोंत्राबांदो' म्हणत, म्हणजे फर्मानाविरुद्धचे. घड्याळ तेच, मालक तोच, फक्त फर्मान बदलले.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी आदिलशाही होऊन गेली होती. त्यामुळे आमच्या जिभेवर तीन कायद्यांचे शब्द बसले. चोर आणि चोरी संस्कृताच्या घरचे. गुन्हा, फिर्याद, मुद्देमाल हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. आणि पोर्तुगीज कचेरीत 'फुर्तु' आणि 'रोबु'.

फुर्तु म्हणजे गुपचूप नेणे, रोबु म्हणजे बळजबरीने नेणे. हा भेद सगळीकडे सापडतो. मनुस्मृती मालकादेखत जबरीने नेण्याला 'साहस' म्हणते आणि त्याच्या नकळत नेण्याला 'स्तेय'. इस्लामी कायद्यात 'सरिका' वेगळी आणि वाटमारीची 'हिराबा' वेगळी. आज भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ चोरीचे, ३०९ जबरी चोरीचे आणि ३१० दरोड्याचे. पाच किंवा अधिक जण मिळून जबरी चोरी करतात तेव्हा दरोडा होतो. पोर्तुगीजांचा 'लाद्रांव' म्हणजे चोर. त्याचा लॅटिन पूर्वज 'लात्रो' आधी भाडोत्री शिपाई होता, मग लुटारू झाला. पगार थकलेला शिपाई पुढे काय करतो, ते भाषेने बरोबर टिपून ठेवले आहे.

आता माटोळीकडे येऊ. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही पोरे रानात जायचो. तोरिंगे, आंबाडे, रानातली रंगीत फळे, सुपारीचे घोस, जे मिळेल ते आणायचो. एकदा चिबडाच्या मोहाने शेजाऱ्याच्या वईतून आत शिरलो. घरी आल्यावर आजीने एकच विचारले, "वईच्या भायल्यान काडलंय की भितल्यान?" आम्ही गप्प. तिने चिबूड परत पाठवला, आणि त्या चवथीला माटोळीत चिबूड नव्हता.

पुढे मोठेपणी वाचनात आले की आजीचा प्रश्न फार जुना आहे. गौतमाच्या धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड, झाडावेलींची फुले आपलीच समजून घ्यावीत अशी मुभा आहे. फळे मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच. इस्लामी कायद्यातही 'सरिके'ची कडक शिक्षा व्हायला वस्तू राखणीतून उचललेली असावी लागते; झाडाला लोंबणाऱ्या फळासाठी हात तोडत नाहीत. आजीने यातले काहीच वाचले नव्हते. तिला वई तेवढी ठाऊक होती.

पण ज्याला वई नाही त्याचे काय? डिचोलीच्या डोंगरातल्या लोहखनिजाला वई नव्हती. पेडण्याच्या नद्यांतल्या रेतीलाही नाही. कायदा सांगतो की जमिनीला चिकटलेली वस्तू चोरीला जात नाही. ती सुटी केली की त्या क्षणापासून चोरी होऊ शकते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात म्हटले की परवान्याशिवाय नदीतली वाळू नेल्यास चोरीचाही गुन्हा लागू शकतो. त्याच वर्षी गोव्याच्या खाणींच्या निकालात २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरले. तरी आपल्या बोलण्यात नारळ नेणारा 'चोर' असतो आणि डोंगर नेणारा 'खाणवाला'. सरकारी पैसा घेणारा तर नुसता 'खातो'. कागदावर लिहायची वेळ आली की आम्ही 'अपहार' लिहितो, 'अनियमितता' लिहितो. चोरी लिहीत नाही.

जुने लोक इतके भिडस्त नव्हते. मनुस्मृतीत चोरांचे दोन वर्ग आहेत, लपून चोरणारे आणि उघड चोरणारे. घरफोडे पहिल्या वर्गात. दुसऱ्या वर्गात पहिल्याच रांगेत 'उत्कोचक', म्हणजे लाच घेणारे. कौटिल्याने अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दिले आहेत. मनुस्मृतीतल्या पुष्कळ शिक्षा वर्ण पाहून ठरतात आणि वरच्याला सोडून खालच्याला दाबतात. त्या आज कोणालाही मान्य होऊ नयेत. चोरीबाबत मात्र तिथे माप उलटे आहे. जाणत्या शूद्राला आठपट, तर ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहूनही अधिक दोष. आणि जिथे सामान्य माणसाला एक नाणे दंड, तिथे राजाला हजार. ज्याच्या हाती राखण, त्याची चोरी मोठी.

आपल्या मराठीत हे तीन शब्दांत आहे: कुंपणच शेत खातं. आम्ही सरकारी नोकर म्हणजे ते कुंपण.

म्हणून एक कबुली देऊन बसतो. गेल्या वर्षी याच उत्सवाची कार्यक्रमपत्रिका आम्ही कार्यालयातल्या यंत्रावर छापून आणली होती. दोनशे प्रती. कागद सरकारी, शाई सरकारी. मंडळाने टाळ्या वाजवून आभार मानले आणि आम्ही ते हसत स्वीकारले. देवाचेच काम, असे मनाला सांगितले. गौतमाने फुलांना मुभा दिली होती, कागदाला नव्हे. आणि हा कागद तर वईच्या आतला, राखणदारही आम्हीच.

या वर्षीची पत्रिका बाजारातल्या दुकानात छापली आहे. पैसे आम्ही दिले, पावती खजिनदारांकडे आहे. गेल्या वर्षीच्या दोनशे कागदांचे काय करावे, ते अजून ठरलेले नाही. आजी असती तर एका वाक्यात सांगितले असते.

गणपती बाप्पा मोरया!