उठावदार रजईचं भरण

सोलापूरच्या भवानी पेठेत, घोंगडे वस्तीच्या बाजूला, यंत्रमागांचा आवाज ओळखीचा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची नक्षी विणीतच उमटते. रजईची नक्षी मात्र शिलाईने उठते, आणि ती किती उठेल हे आतल्या भरणावर ठरतं.

पिंजलेला कापूस ऊबदार खरा, पण वापरात दबतो. शिलाई विरळ असली की त्याचे गोळे होतात. पॉलिस्टरची फायबर शीट हलकी, फुगीर, धुतल्यावर लवकर वाळणारी. लोकर दबूनही पुन्हा वर येते, पण महाग पडते.

मशीनवर शिवणाऱ्यांना मी दुहेरी थरच सुचवेन. खाली कापसाची पातळ शीट, वर फायबरची जाड. नक्षीतल्या फुलाच्या पाकळ्या मोकळ्या सोडा आणि भोवतालची जागा बारीक, दाट शिलाईने भरा. भोवताल दबतो, म्हणूनच पाकळी फुगून दिसते. पाकळीच्या आत आणखी रेघा मारल्यात, तर महागडं भरणही वाया जाईल!

थर सरकू नयेत म्हणून मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घाला. मशीनच्या पायाचा दाब कमी ठेवा, टाका जरा लांब. आणि त्याच कापडाचा वीतभर नमुना आधी शिवून, धुऊन पाहा. मगच रजईला हात घाला.