सर्किट बोर्डांची मांडणी आणि स्वस्त उत्पादन

(लघुउद्योग व बचतगटांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर आणि माझी नोकरी माहिती देण्याची. सर्किट बोर्डांवर मी बोलावे, हे आपल्यातील तंत्रनिकेतनाच्या शिक्षकांना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या नोकरीचा बराच काळ छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला आहे, आणि आजचा विषय मला उमगला तो त्याच वाटेने.

निमंत्रणपत्रिका छापताना मुद्रक एकेक पत्रिका यंत्रावर चढवीत नाही. मोठ्या कागदावर तो आठ-सोळा पत्रिका शेजारी शेजारी मांडतो, एकदम छापतो आणि मग कापतो. सर्किट बोर्डाचेही तसेच आहे; ‘मुद्रित’ हा शब्द त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. पॉल आइसलर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९४३ साली ब्रिटनमध्ये या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला. काचेचे कापड आणि इपॉक्सी राळ यांच्या तक्त्यावर तांब्याचा पातळ थर असतो. नको तेथील तांबे रसायनाने काढून टाकावयाचे. उरलेल्या रेषा म्हणजेच तारा. अनेक छोटे बोर्ड एका तक्त्यावर जोडून ठेवण्याच्या या मांडणीला कारखान्यात ‘पॅनेल’ म्हणतात.

यात बचत कोठे होते? एक बोर्ड असो वा वीस, सोल्डर पेस्टची स्टेन्सिल एकदाच लावावयाची, पॅनेल यंत्रात एकदाच घालावयाचे, भट्टीतून एकदाच काढावयाचे. शिवाय आगपेटीएवढा बोर्ड यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर नीट टिकत नाही. म्हणून पॅनेलच्या दोन्ही बाजूंना पाच ते दहा मिलिमीटरची रिकामी किनार ठेवतात. तिच्यावर एक मिलिमीटर व्यासाचे तांब्याचे ठिपके असतात. यंत्राचा कॅमेरा ते ठिपके पाहून भाग कोठे बसवावयाचा हे ठरवतो. ही किनार शेवटी फेकूनच द्यावी लागते, पण ती वाचवू पाहणारा पुढे पस्तावतो.

आता थोडा हिशेब मांडू. आपला बोर्ड ४० बाय ३० मिलिमीटरचा आहे. आडवे पाच, उभे चार असे वीस बोर्ड आणि दोन्ही बाजूंना सात मिलिमीटरची किनार धरली, तर पॅनेल २०० बाय १३४ मिलिमीटरचे होते. कारखान्याचा नेहमीचा तक्ता ४५७ बाय ६१० मिलिमीटरचा, म्हणजे अठरा इंच बाय चोवीस इंच. त्याच्या चारही कडांना २५ मिलिमीटर सोडले तर आठ पॅनेल, म्हणजे १६० बोर्ड बसतात. मात्र आराखडा काढणाऱ्याने बोर्डाची लांबी ४१ मिलिमीटर केली, तर पॅनेल २०५ मिलिमीटरचे होते आणि दोन पॅनेल शेजारी शेजारी मावत नाहीत. आडवीउभी कशीही मांडली तरी सातावर गाडी अडते. एका मिलिमीटरापायी वीस बोर्ड गेले, आणि तक्त्याचे पैसे मात्र तेवढेच. म्हणून आराखडा पक्का करण्यापूर्वी कारखान्याला त्याच्या तक्त्याचे माप विचारावे. सोडलेल्या कडा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात.

बोर्ड वेगळे करण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. वड्या थापल्यावर ताटात आपण सुरीने रेघा मारून ठेवतो, तशी पहिली. तक्त्याच्या वरून आणि खालून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच पाडतात आणि मध्ये सुमारे एक तृतीयांश जाडी शिल्लक ठेवतात. यात जागा वाया जात नाही, पण रेघ सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंतच जाते. बोर्ड गोल किंवा वेडावाकडा असेल तर दुसरी पद्धत : भोवतीने चर कोरावयाचा आणि मध्ये मध्ये बारीक छिद्रांचे सांधे ठेवावयाचे, टपालाच्या तिकिटांच्या कडांसारखे.

खरी गोम येथे आहे. काही वर्षांपूर्वी वृत्तांत लिहिण्यासाठी मी महिलांच्या एका छोट्या जुळणी केंद्रात गेलो होतो. एका व्यापाऱ्याने त्यांना दिव्यांचे भाग बसवलेली पॅनेल दिली होती. ती मोडून, तपासून, डब्यात बसवून द्यावयाची. महिला ती टेबलाच्या कडेवर ठेवून हाताने मोडत. तपासणीत सगळे दिवे लागले. दीड महिन्याने त्यांतले बरेच बंद पडून परत आले आणि त्यांची किंमत मजुरीतून कापली गेली. “साहेब, आमच्या हातून जाताना प्रत्येक दिवा पेटत होता,” असे एक ताई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी ते टिपून घेतले. कारण मात्र मला तेव्हा समजले नाही.

ते पुढे एका अनुभवी कारागिराने समजावले. बोर्ड वाकला की त्यावरचा सिरॅमिक कपॅसिटर आतून तडकतो. तडा टोकाच्या धातूखाली दडलेला असल्याने डोळ्यांना दिसत नाही आणि त्या दिवशीच्या चाचणीतही सापडत नाही. पुढे त्यात दमटपणा शिरतो आणि कधीतरी आतल्या आत विद्युतप्रवाहाला आडवाट मिळते. हा दोष मोडणाऱ्या हातांपेक्षा मांडणीचा अधिक होता. तो कपॅसिटर खाचेला लागूनच आणि तिच्याशी काटकोनात बसवलेला होता. तो खाचेशी समांतर आणि पाच-सहा मिलिमीटर आत असता, तर त्यावरचा ताण पुष्कळ कमी झाला असता. दोन गोल पात्यांमधून पॅनेल सरकवून खाच कापणारे हातयंत्रही मिळते. त्याने बोर्ड फारसा वाकत नाही.

पॅनेलने वाचलेला पैसा व्यापाऱ्याच्या खात्यात जमा झाला आणि फुटीचा खर्च त्या महिलांच्या नावे पडला. मजुरीचा करारनामा गटासमोर येईल तेव्हा ग्रामपंचायत सदस्यांनी त्यातील दर तर पाहावाच. पण पॅनेल कसे वेगळे करावयाचे, त्याचे साधन कोण देणार आणि परत आलेल्या मालाची तपासणी कोण करणार, हेही विचारावे. आयटीआयच्या शिक्षकांनी एखादा नादुरुस्त बोर्ड वर्गात आणून त्यावरील कपॅसिटर खाचेपासून किती अंतरावर आहे, हे पट्टीने मोजून दाखवावे. मी आज तसे दोन बोर्ड आणले आहेत. भाषणानंतर ते टेबलावर ठेवतो, भिंगही आहे.