‘गड आला पण सिंह गेला’ : आमच्या मुलांची मते
(वार्षिक समारंभातील भाषण)



पिंप्राळ्यात मुलांना मराठी शिकविताना यंदा मी आठवीच्या वर्गात हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी वाचावयास घेतली. १९०३-०४ च्या सुमाराची ही कादंबरी मोठ्यांसाठी लिहिलेली. परंतु साहसाच्या ओढीने पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीही ती वाचली. वाचून झाल्यावर मी सांगितले, “परीक्षेचे उत्तर नको, मनातले मत लिहा.”

घरी उर्दू बोलणाऱ्या एका मुलाने लिहिले, “भाषा जड आहे, पण मावळे कडा चढू लागले तेव्हा मी अर्थ विचारायचे विसरलो.” एका मुलीने लिहिले, “सगळे कमलकुमारीसाठी भांडतात, तिला मात्र कोणी नीट विचारीत नाही.” शंभर वर्षांहून जुन्या पुस्तकाला याहून नेमका प्रश्न कोणता विचारावा?

एका वहीत मात्र दोनच ओळी होत्या. “वाचताना मी तानाजीबरोबर होतो. पण रस्त्यात मित्र म्हणाला, तू तर किल्ल्यातल्यांच्या बाजूचा.”

मित्रहो, त्या दोन ओळींनी माझी झोप उडविली. उत्तर देण्यास मी शब्द शोधीत होतो, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पण किल्लेदार उदयभानु तर राजपूत होता!”

मग आम्ही नकाशा काढला. १६६५ साली पुरंदरच्या तहात कोंढाण्यासह तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. तो तह करून घेणारे सेनापती मिर्झाराजे जयसिंग. इकडे शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होते, पदरी काझी हैदर होते. १६७० साली कोंढाणा परत घेतला गेला, तो राज्याराज्यांतील झगडा होता. धर्मावरून बाजू ठरत नव्हती. हे फळ्यावर लिहिले तेव्हा त्या मुलाने मान वर केली.

काही पालक म्हणतात, “मुलांना असली पुस्तके देऊच नका.” मी नम्रपणे सांगतो, द्या, परंतु वाचून झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. पुस्तक न दिल्याने रस्त्यावरचा प्रश्न थांबत नाही. मुलाच्या हाती उत्तर मात्र राहत नाही.

शेवटी एका मुलीचे मत सांगून आपली रजा घेतो. ती लिहिते, “आपल्या खानदेशावर अशी गोष्ट का नाही?” तापीकाठचे थाळनेर, फारुकी सुलतानांचे बऱ्हाणपूर, १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेला असीरगड, ही सारी आपल्या अंगणातली. संस्थेने ग्रंथालयात एक कपाट आणि आठवड्यातून वाचनाचा एक तास द्यावा. ती गोष्ट लिहिणारा हात कदाचित आज याच मांडवात, पुढच्या सतरंजीवर बसला असेल.