निकोबारचं घर आणि अर्जातला रकाना

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

 

अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल येतं, सावरकर येतात. बडोद्याहून सहलीला जाऊन आलेलेही इथे पुष्कळ बसलेत. पण पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटरवर कार निकोबार आहे, आणि त्याच्याही खाली चावरा, तेरेसा, नानकौरी, कच्छल, ट्रिंकेट ते थेट ग्रेट निकोबारपर्यंत बेटांची रांग आहे. हा आदिवासींसाठी राखून ठेवलेला मुलूख. परवानगीशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही. आज बोलायचं ते तिथल्या घरांबद्दल. आम्ही बांधकाम खात्यातली माणसं, घराशिवाय आम्हाला दुसरं काय सुचणार!

26 डिसेंबर 2004, रविवारची सकाळ. सुमात्राजवळ 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि थोड्याच वेळात लाटा आल्या. अंदमान-निकोबारमध्ये सरकारी नोंदीप्रमाणे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यातली बहुतेक निकोबारची. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर जवान आणि त्यांच्या घरची मिळून शंभरावर माणसं गेली. लाट येते आणि ओसरते, पण इथे जमीनच खचली. देशाचं दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटला ती चार मीटरहून अधिक खाली गेली, दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले. किनाऱ्यालगतच्या नारळाच्या बागा खाऱ्या पाण्यात उभ्या राहून मेल्या. नवीन नारळ लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आता घराकडे येऊ. निकोबारी माणसाचं जुनं घर गोल असतं. लाकडी खांबांवर उभं, वर गवताने शाकारलेलं घुमटासारखं छप्पर. शिडीने चढून आत जायचं. खाली सावलीत माणसं बसतात, डुकरं-कोंबड्या फिरतात. वारा खालूनही येतो, त्यामुळे त्या दमट हवेतही आत गारवा राहतो. आणि या घरामागे असतं 'तुहेत', म्हणजे मोठं एकत्र कुटुंब. जमीन, नारळाच्या बागा, डुकरं, सगळं तुहेतचं. कोणी काय लावायचं, कोणी कुठे राहायचं, ते तुहेतचे वडीलधारे ठरवतात. आपल्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत चार भाऊ आणि एक स्वयंपाकघर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे पटकन कळेल.

मदत आली ती या घराला ओळखत नव्हती. सरकारी अर्जात पहिला रकाना असतो 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. नवरा, बायको, मुलं, झालं कुटुंब. नुकसानभरपाईचे धनादेश माणसामाणसाच्या नावावर निघाले, बँकेत खाती उघडली गेली. ज्या समाजात रोख पैशाचं फारसं काम पडत नव्हतं, तिथे तो एकदम आला. नानकौरी भागात त्सुनामीच्या आधीपासून काम करणारे अभ्यासक सिमरनजीत सिंग यांनी याबद्दल लिहिलंय. तुहेतमध्ये वाटण्या सुरू झाल्या, दारू वाढली, फुकट तांदळाची सवय लागली. त्यांच्या लिखाणातली एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली आहे. तिथल्या म्हाताऱ्यांनी सुरुवातीलाच हत्यारं मागितली होती. हत्यारं द्या, घरं आम्ही बांधतो, बागा आम्ही लावतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मिळाले पत्र्याचे तात्पुरते निवारे. विषुववृत्ताजवळच्या उन्हात पत्र्याखाली काय होतं, ते आपण वैशाखात एखाद्या गोदामात उभं राहून बघावं. पक्की घरं हातात पडेपर्यंत अनेकांची चार-पाच वर्षं त्या पत्र्यात गेली. निकोबारात सुमारे सात हजार पक्की घरं झाली. ओळीने एकसारखी, किनाऱ्यापासून आत, प्रत्येक लहान कुटुंबाला एक. बांधणाऱ्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. सामान सगळं मुख्य भूमीवरून जहाजाने आणायचं, जेट्ट्या मोडलेल्या, पाऊस जवळजवळ वर्षभर. त्यात ती घरं उभी केली, हे लहान काम नव्हे. पण नकाशा दिल्लीत झाला, आणि नकाशात तुहेतला जागा नव्हती.

आपल्या गुजरातेत 2001 च्या भूकंपानंतर वेगळं झालं. कच्छमध्ये बहुतेक ठिकाणी पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याने दिले. पाया झाला की इंजिनिअरने बघायचं, मग पुढचा हप्ता. घर कसं हवं, ओटा कुठे हवा, ते मालकाने ठरवायचं. आमच्यापैकी जे तेव्हा डिप्लोमा करून नुकते नोकरीत लागले होते, त्यांना त्या खेपा आठवत असतील. बायामाणसं आम्हाला भिंतीची जाडी विचारायची, सळई मोजून घ्यायची! अर्थात कच्छमध्ये रस्ते होते, सिमेंट होतं, गवंडी होते, त्यामुळे तुलना सरळसोट करता येत नाही. तरी विचारायची पद्धत उचलता आली असती.

विश्वामित्रीचं पाणी घरात आलं तेव्हा कॅशडोलचे अर्ज आपणही भरले. एका घरात दोन चुली असल्या तर किती अर्ज, यावर किती वाद झाले ते आठवा. आपल्याकडे वाद घालायला मामलतदार कचेरी जवळ होती. तेरेसा बेटावरच्या माणसाने कुठे जायचं?

ग्रेट निकोबारच्या किनाऱ्यावरची निकोबारी कुटुंबं लाटेनंतर कॅम्पबेल बे जवळ राजीव नगर आणि न्यू चिंगेन इथे आणून बसवली गेली. आपापल्या जुन्या गावी परत जाऊ द्या, अशी त्यांची मागणी तेव्हापासून आहे. आता त्या बेटावर मोठं बंदर आणि शहर उभारायचं घाटतंय. तो प्रकल्प बरा की वाईट, हा आजचा विषय नाही. पण त्यांच्या आदिवासी परिषदेने दिलेली संमती 2022 साली लेखी मागे घेतली आणि आमची जुनी गावं त्या जमिनीत येतात असं कळवलं, एवढं इथे सांगणं भाग आहे. वीस वर्षं उलटली, त्या छावणीत जन्मलेली मुलं आता मतदार झाली. ज्या गावाला परत जायचं ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

आरतीचं तबक आलेलं दिसतंय. थांबतो.