पाठ कोणाचा? शिक्षकांचे ऑनलाइन प्रशिक्षण आणि डिजिटल सामग्रीचा प्रश्न



अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शिक्षकाच्या दिनक्रमात गेल्या काही वर्षांत एका नव्या कामाची भर पडली आहे. शाळा सुटल्यावर तो घरी येतो, मोबाइल उघडतो, शासनाच्या ‘दीक्षा’ या मंचावर नाव नोंदवतो, चित्रफिती पाहतो, मजकूर वाचतो, प्रश्नांची उत्तरे देतो आणि प्रमाणपत्र उतरवून घेतो. डिजिटल पाठ्यसामग्री कोठे शोधावी, कशी निवडावी, वर्गात कशी वापरावी आणि स्वतः कशी तयार करावी, हा यांपैकी काही अभ्यासक्रमांचा विषय असतो. वरवर पाहता हा निव्वळ तांत्रिक विषय वाटतो, आणि म्हणून चळवळीतील कार्यकर्ते त्याकडे फारसे वळत नाहीत. वस्तुतः हा श्रमाचा आणि मालकीचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ‘दीक्षा’ हा मंच सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र शासनाने ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम जाहीर केला. सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. साथीच्या काळात समोरासमोरचे वर्ग बंद पडले आणि ऑक्टोबर २०२० पासून हेच प्रशिक्षण १८ घटकांच्या रूपाने ‘दीक्षा’वर आले. माहिती-तंत्रज्ञानाचा अध्यापनातील उपयोग हा त्यांपैकी एक घटक. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी २०१८ मध्येच ‘स्वयम्’ या मंचावर ‘अर्पित’ ही योजना आली होती. तिचा ४० तासांचा अभ्यासक्रम आणि अखेरची परीक्षा पूर्ण केल्यास पदोन्नतीसाठी तो उजळणी वर्गाच्या बरोबरीचा धरला जाई. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. म्हणजे हे प्रशिक्षण आता हौसेचे राहिलेले नाही. ते नोकरीचाच भाग होत चालले आहे.

या प्रकाराला सरसकट विरोध करणे चुकीचे ठरेल. यंत्राला शत्रू मानणे हा समाजवादी विचार नव्हे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग झाला आणि त्यात प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही होते. महाराष्ट्र मात्र त्या सहा राज्यांत नव्हता. आज धारणी तालुक्यातील शिक्षकाला पुण्यातील शिक्षकाला मिळतो तोच पाठ मिळू शकतो. ही समतेच्या दिशेने जाणारी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे लक्षात घ्यावा लागतो. डिजिटल पाठ तयार करण्याचा पहिला खर्च मोठा असतो. तो एकदा तयार झाला की हजाराव्या किंवा लाखाव्या माणसाने पाहिल्याने होणारा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. शिवाय एकाने पाहिला म्हणून तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अशी वस्तू स्वभावतःच सार्वजनिक असते. तिला कुलूप लावून तिची किंमत वसूल करणे समाजाच्या दृष्टीने अपव्ययाचे आहे. मात्र पाठाचा प्रसार जवळजवळ फुकट झाला तरी तो घेणाऱ्याचा वेळ फुकट नसतो, त्याचा मोबाइल फुकट नसतो आणि इंटरनेटही फुकट नसते. शासनाचा प्रशिक्षणावरील प्रवासाचा, भोजनाचा, निवासाचा खर्च वाचला. तो नाहीसा झाला नाही. त्यातील एक हिस्सा शिक्षकाच्या खिशावर आणि त्याच्या संध्याकाळवर जाऊन पडला. ज्या शिक्षिकेला घरी परतल्यावर स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास पाहायचा असतो, तिच्यावर तो दुहेरी पडला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भारतात सुमारे १५ टक्के आणि शहरी भारतात ४२ टक्के होती. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरला हे खरे. पण मेळघाटच्या डोंगराळ भागातील अनेक गावांत मोबाइलला पुरेशी रेंज मिळत नाही, हे तेथे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. वऱ्हाडला तो नवा नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला मागणी आली आणि आगगाडीही आली. कापूस येथून लँकेशायरच्या गिरण्यांकडे गेला आणि तेथून कापड होऊन येथे विकायला आले. पिकवणारा वऱ्हाडचा, भाव ठरवणारा दुसराच. डिजिटल सामग्रीच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडू शकतो. वर्गातील अनुभव हा कच्चा माल शिक्षकाचा. त्याला आकार, नाव आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मात्र वरचा. अभ्यासक्रमात ‘सामग्री तयार करा’ असे शिकवले जाते. पण तयार झालेल्या पाठाचा मालक कोण, हा प्रश्न बहुतेक शिक्षकांच्या मनात येतच नाही.

कायदा काय सांगतो हे प्रत्येक शिक्षक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे नोकरी देणारा असतो. याच कायद्याचे कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला व विद्यार्थ्याला पुस्तकांतील मजकुराच्या प्रती काढण्याची मुभा देते. दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मुभेचा उदार अर्थ लावला. तथापि वर्गात प्रत वाटणे आणि तीच सामग्री सर्व जगासाठी इंटरनेटवर ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेथे उपयोगी पडतो तो मुक्त परवाना. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे असे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. कर्त्याचे नाव राखून इतरांनी पाठ वापरावा, बदलावा, पण बदललेला पाठही तितकाच मुक्त ठेवावा, अशी अट त्यांपैकी एका परवान्यात घालता येते. ज्ञानाच्या क्षेत्रातील सहकाराचेच हे रूप होय.

दुसरी बाब माहितीची. प्रशिक्षण घेताना शिक्षकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, शाळा, गुण हे सारे नोंदले जाते. जानेवारी २०२३ मध्ये असे उघडकीस आले की ‘दीक्षा’ची माहिती साठवलेला एक संगणकीय साठा संरक्षणाविना राहिला होता आणि त्यामुळे दहा लाखांहून अधिक शिक्षकांची वैयक्तिक माहिती उघडी पडली होती. शिक्षकाने नोकरीचे कर्तव्य म्हणून दिलेली माहिती सांभाळणे हे ती घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याबाबत जाब विचारणे हा तंत्रज्ञानाला विरोध नव्हे.

तिसरी बाब भाषेची. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलाची भाषा मुंडा कुळातील आहे. मराठीशी तिचे नाते नाही. त्याला प्रमाण मराठीतील चित्रफीतही परकीच. अकोल्याच्या खेड्यातील मूल ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणते. चित्रफितीतील आवाज त्याला शहरातील पाहुण्याचा वाटतो. मध्यवर्ती ठिकाणी तयार झालेली सामग्री कितीही सुबक असली तरी ही उणीव भरून काढू शकत नाही. ती भरून काढणार तेथील शिक्षकच. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे उदाहरण येथे बोलके आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्या जाणणाऱ्या माणसांकडे जाऊन गोळा केल्या आणि लोकांच्या भाषेत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्या वाचकाला जवळजवळ बंद राहिले. लोकांकडून घेतलेले, लोकांच्या भाषेतले ज्ञानसुद्धा किल्ली मोजक्यांच्या हाती राहिल्यास लोकांना पारखे होते, हा त्याचा धडा आहे.

यातून करावयाचे काम स्पष्ट होते. प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या तासांत धरला जावा आणि इंटरनेटचा खर्च शासनाने द्यावा, ही मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरली पाहिजे. सार्वजनिक पैशातून तयार होणारी सर्व सामग्री मुक्त परवान्याखाली, कर्त्या शिक्षकाच्या नावासह प्रसिद्ध झाली पाहिजे. ज्या गावांत रेंज नाही तेथे ती पेनड्राइव्हवर वा छापील स्वरूपात पोहोचली पाहिजे. कोरकू आणि वऱ्हाडीतील पाठ तयार करणाऱ्या शिक्षकाला त्या कामाचा वेळ आणि मोबदला मिळाला पाहिजे. ‘किती जणांनी प्रमाणपत्र घेतले’ या आकड्याबरोबरच ‘किती जणांनी पाठ तयार केले आणि ते किती वर्गांत वापरले गेले’ हा आकडाही मागितला पाहिजे.

त्याचबरोबर कार्यकर्त्यांनाही एक काम आहे आणि त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. एका केंद्रातील पाच-सात शिक्षकांनी एकत्र बसून हा अभ्यासक्रम सामुदायिक रीतीने करावा. प्रत्येकाने एकट्याने, रात्री, कसाबसा संपवण्याऐवजी त्यावर चर्चा करावी, त्यातील न पटणारे नोंदवावे, आणि अखेरीस आपल्या गावचा एक तरी पाठ तयार करून मुक्त परवान्याखाली सर्वांस द्यावा. तो पाठ कपाशीवरील बोंडअळीचा असेल, पूर्णा काठच्या खाऱ्या पाण्याचा असेल किंवा कोरकू मोजणीचा असेल. प्रमाणपत्र कपाटात जाते. असा पाठ वर्गात येतो, आणि वर्गात आलेला पाठ शिक्षकाचा आणि विद्यार्थ्यांचा होतो. साधन ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, हे गिरणीबाबत जितके खरे होते तितकेच ते आज पाठाबाबतही खरे आहे.