संगणकाच्या परिभाषेची सोपी ओळख

(भिंगार येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भिंगारच्या बाजारात ‘हार्डवेअर’ म्हणजे काय असे कोणासही विचारावे. तो खिळे, बिजागऱ्या, कड्या आणि कुलपे विकणारे दुकान दाखवील. हाच शब्द वर्गात संगणकाच्या पाठात येतो, तेव्हा मात्र फळ्यावर ‘हार्डवेअर म्हणजे यंत्रसामग्री, सॉफ्टवेअर म्हणजे आज्ञावली’ असे लिहिले जाते, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि एका न कळलेल्या शब्दाच्या जागी दुसरा न कळलेला शब्द येऊन बसतो. वास्तविक बाजारातला अर्थच येथे उपयोगाचा आहे. हातास लागते, तराजूत घालता येते, पायावर पडले तर दुखते, ते हार्डवेअर. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पेटी आणि पेटीवर वाजविली जाणारी चाल यांत जो भेद, तोच या दोहोंत आहे. पेटी तीच राहते, चाली बदलतात. आणि चाल चुकली म्हणून कोणी पेटी फोडीत नाही.

पारिभाषिक शब्द समजावून देणे म्हणजे त्याला प्रतिशब्द देणे नव्हे. ती वस्तू कोणते काम करते हे मुलाच्या पाहण्यातील कामाशी जोडून दाखविणे, हे खरे समजावणे होय. प्रतिशब्द पुढे आपोआप रुळतो किंवा रुळत नाही. १९६० साली राज्यात भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने परिभाषेचे मोठे काम केले. पण ‘संगणक’ हा शब्द लोकांनी उचलला, तर ‘भ्रमणध्वनी’ बहुधा कागदावरच राहिला. शेतावरचा माणूस ‘मोबाइल’ आणि ‘रेंज’ असेच म्हणतो. यात शिक्षकाने खेद मानण्याचे कारण नाही. शाळेतील हजेरी, दप्तर, शाई आणि कागद हे शब्द तरी कोठून आले? भिंगारजवळ १४९० साली मलिक अहमदाने बहामनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे त्याच रणभूमीवर अहमदनगर वसले. अशा फारशी दरबारांच्या राजवटीत हे शब्द मराठीत मुरले. पुढे इंग्रजी छावणी आली आणि ‘कॅम्प’ हा शब्द भिंगारकरांच्या तोंडी बसला. हजेरी घेताना कोणाही गुरुजींस आपण परका शब्द वापरीत आहोत असे वाटत नाही.

विजेच्या शब्दांवर फार वेळ घालविण्याची गरज नाही. उंच टाकीतील पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट, नळातून दर क्षणी वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर, आणि नळाचा अरुंदपणा म्हणजे ओहम, एवढे प्राथमिक शाळेस पुरे. ‘ट्रान्झिस्टर’ या शब्दाशी मात्र थोडे थांबावे. खेड्यात कित्येक वर्षे ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्यास अडकविण्याचा रेडिओ असा अर्थ होता. वस्तूच्या पोटातील एका लहान भागाचे नाव लोकांनी साऱ्या वस्तूसच दिले. हा भाग म्हणजे विजेनेच उघडबंद होणारी तोटी. १९४७ साली अमेरिकेत तो प्रथम तयार झाला. आज मोबाइलच्या नखाएवढ्या चकतीवर अशा अब्जावधी तोट्या कोरलेल्या असतात. या चकतीसच ‘चिप’ म्हणतात.

तोटी उघडी किंवा बंद, या दोनच अवस्थांपैकी एक टिपून ठेवणे म्हणजे एक बिट. हा पाठ वर्गाबाहेर अंगणात घ्यावा. एक मूल उभे करावे. ते उभे असेल किंवा बसलेले, प्रकार दोनच. शेजारी दुसरे आले की प्रकार चार होतात, तिसरे आले की आठ. आठ मुले ओळीत आली की उभे-बसण्याच्या २५६ तऱ्हा होतात. आठ मुलांची ही ओळ म्हणजे एक बाइट. चौथीची मुले हा हिशेब दुपटीने स्वतः करतात आणि त्यात त्यांस गोडी वाटते.

आता ‘भिंगार’ हा शब्द घ्यावा. संगणकास अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जगातील लिप्यांच्या चिन्हांस क्रमांक देणारा युनिकोड नावाचा एक तक्ता आहे. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. त्या तक्त्यात भ चा क्रमांक २३४९, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७, अनुस्वाराचा २३०६, ग चा २३२७, कान्याचा २३६६ आणि र चा २३५२. म्हणजे डोळ्यांस तीन अक्षरे दिसली तरी संगणकाच्या लेखी चिन्हे सहा. शिवाय ऱ्हस्व वेलांटी कागदावर भ च्या आधी काढली जाते, पण संगणक आधी भ ठेवतो आणि मागून वेलांटी. ‘भ ला पहिली वेलांटी, वर अनुस्वार’ असे मूल जसे तोंडाने म्हणते, अगदी त्याच क्रमाने! बाराखडी घोकविणाऱ्या शिक्षकांस हे वाचून समाधान वाटावे.

हे क्रमांक साठविण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, तिच्यात देवनागरीच्या एका चिन्हास तीन बाइट लागतात. सहा चिन्हांचे अठरा बाइट, म्हणजे १४४ बिट. अंगणातील खेळात ‘भिंगार’ एवढा एकच शब्द लिहावयाचा तर १४४ मुले हवीत. द्विशिक्षकी शाळेचा सारा पट त्यास पुरणार नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक संगणक चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. तेच नेहरू, जे १९४२ नंतर भिंगारजवळच्या किल्ल्यात कैदेत होते. त्या यंत्रात २,७०० काचेच्या व्हॉल्व्ह-नळ्या होत्या आणि त्याच्या स्मृतीत चाळीस-चाळीस बिटांचे २,०४८ कप्पे होते. म्हणजे एकंदर १०,२४० बाइट. आजच्या रीतीने ‘भिंगार’ हा शब्द त्यात ५६८ वेळा मावला असता आणि जागा संपली असती. ‘केबी, एमबी, जीबी’ ही मापे मुलांस अशा तुलनेनेच कळतात. केबी म्हणजे सुमारे हजार बाइट, एमबी म्हणजे हजार केबी, जीबी म्हणजे हजार एमबी.

‘मेमरी’ या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे, कारण मोबाइल विकणारे दोन वेगळ्या गोष्टींस हे एकच नाव देतात. एक मेमरी फळ्यासारखी असते. चालू तासाचे गणित फळ्यावर; तास संपला की पुसले. तिला रॅम म्हणतात आणि वीज गेली की ती कोरी होते. दुसरी मेमरी कपाटातील नोंदवहीसारखी. ती उद्याही राहते. फोटोंनी कपाट भरले म्हणजे ‘मेमरी फुल’, आणि फळ्यावर एकाच वेळी चार विषयांची गर्दी झाली म्हणजे मोबाइल ‘हँग’. दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

‘सर्व्हर डाउन’ हा शब्द शिक्षकांस शिकवावा लागत नाही. माहिती भरण्याच्या शेवटच्या रात्री त्याचा अनुभव जिल्ह्यातील बहुतेकांनी घेतलेला आहे. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगत मोठी, वाढपी एक, आणि सर्वांनी एकाच क्षणी पत्रावळ पुढे केली, तर वाढप खोळंबते. ‘क्लाउड’ हा याच वाढप्याचा कोठीघर झालेला प्रकार आहे. लहान मुलांस क्लाउड म्हटले की आभाळ आठवते. त्यांस एवढेच सांगावे की घरातील पैसे बँकेत ठेवतात, तसे फोटो दुसऱ्या गावच्या एका इमारतीतील यंत्रांत ठेवले जातात. ती इमारत जमिनीवरच असते, आणि वाट बंद असली, म्हणजे रेंज नसली, तर ठेव मिळत नाही.

येथपर्यंतचे शब्द न कळले तर परीक्षेचे दोन गुण जातात. पुढील शब्दांचे तसे नाही. खेड्यातील कित्येक घरांत मोबाइलवरचा संदेश वाचून दाखविणारे माणूस म्हणजे शाळेत जाणारे मूलच असते. फोन येतो, पलीकडचा गोड बोलतो, ‘आलेला नंबर सांगा’ म्हणतो, आणि आजीचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात येते त्याची किल्ली नातू मोठ्याने वाचून दाखवितो. ‘ओटीपी’ हा नंबर नव्हे, ती एकदाच चालणारी किल्ली आहे. ‘ओटीपी सांगा’ याचा मराठी अर्थ ‘किल्ली द्या’ असा होतो. ‘पिन’ म्हणजे सही किंवा अंगठा. मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली. तीत पैसे देणाऱ्यास पिन लागतो, घेणाऱ्यास कधीच लागत नाही. ‘बक्षीस जमा करण्यासाठी पिन टाका’ असे कोणी म्हणाला, तर तो पैसे देत नसून नेत आहे.

‘क्यूआर कोड’चे काळे-पांढरे चौकोन हे अंगणातील उभ्या-बसलेल्या मुलांचेच चित्र होय. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हे चौकोन पाठ्यपुस्तकांत आणून कविता आणि धडे त्यांतून ऐकविले, आणि २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण चौकोनात काय लिहिले आहे हे डोळ्यांस दिसत नाही. कविता असेल, किंवा पैसे मागणारी चिठ्ठीही असेल. म्हणून टिपल्यावर पडद्यावर उमटलेले नाव आधी मोठ्याने वाचावे आणि मगच पुढचे बटण दाबावे, ही सवय वर्गातच लावावी. फसवणूक झालीच तर पहिल्या काही तासांस फार किंमत असते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला १९३० हा क्रमांक सुविचाराच्या फळ्यावर एका कोपऱ्यात कायम लिहून ठेवावा आणि मुलांनी तो घरी पाठ म्हणून दाखवावा.